शंभरातला सदतिसावा

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आमचा भाचा दांडिया बाजारातल्या घरी आला आणि झोपाळ्यावर न बसता उभाच राहिला. आमच्या घरी आलेला माणूस झोपाळ्यावर बसला नाही, तर त्याला पैशाविषयी काही बोलावयाचे असते, एवढे आम्ही अनुभवाने जाणतो. चहा झाला, पावसाच्या गोष्टी झाल्या, मग तो म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्याबरोबर अहमदाबादला याल का? एक वाद्य पाहायचं आहे. आई म्हणते, मामांनी पाहिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत."

वाद्य कोणते, तर बेस गिटार. हा मुलगा नोकरी सांभाळून एका वाद्यवृंदात वाजवितो. नवरात्रात त्याच्या नऊ रात्री गरब्याच्या मैदानात जातात. पुढे गायक, ढोल आणि शहनाई असतात, आणि मागे एका कोपऱ्यात आमचे हे चिरंजीव गळ्यात ते लांबट वाद्य अडकवून चार-चार तास उभे. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्याचे नाव ठाऊक असेल. परंतु ते थांबले तर हजारो पावलांखालची जमीनच काढून घेतल्यासारखे वाटेल.

अहमदाबादच्या एका दुकानात परदेशी कारखान्याची एक बेस गिटार आली होती. कारखान्याने तो नमुना जगात फक्त शंभर नगांपुरता काढला होता, आणि हा त्यातला सदतिसावा. किंमत एक लाख दहा हजार रुपये. त्याच कारखान्याचा नेहमीचा नमुना सत्तर हजारांत मिळत होता. हा खास नमुना आपल्याकडे कोणी वाजविलेला नव्हता, आणि भाच्याच्या ओळखीच्या कोणाच्याही हातून गेलेला नव्हता. दुकानदाराने कळविले होते, "पुढच्या रविवारपर्यंत सांगा. नंतर मिळणार नाही."

"नंतर मिळणार नाही" हे शब्द ऐकताच आमची नजर आपोआप माळ्याकडे गेली. तेथे आमच्या वडिलांची पेटी आहे.

अण्णांनी ती १९६१ साली मुंबईहून आणली. दुकानाचे नाव सांगण्यात अर्थ नाही. "ह्या सुरांच्या मोजक्याच पेट्या निघाल्या आहेत, पुन्हा निघणार नाहीत," असे त्यांना सांगण्यात आले, आणि ते खरेच होते. पेटी सिंगल रीडची, पण तिचे सूर नेहमीपेक्षा लांब पट्टीचे आणि आवाज असा, की गुरुवारच्या भजनाला गल्लीतली माणसे ओटीवर येऊन बसत. तिसऱ्या वर्षी मध्य सप्तकातला गंधार तुटला. त्या मापाचा सूर बडोद्यात मिळेना, मुंबईत मिळेना. आणि कारागिराने काम बंद केल्याचे दुकानाचे पत्र आले. अण्णांची पट्टी काळी एक. पट्टी बदलावी, तर गळा दुसऱ्या पट्टीत जाईना. काही दिवस ते गंधार वर्ज्य असलेले राग तेवढे वाजवीत. सारंग झाला की दुर्गा, दुर्गा झाला की पुन्हा सारंग. आम्हा मुलांना त्याचे हसू येई. मग एके गुरुवारी त्यांनी पेटी उघडलीच नाही. पुढे ती माळ्यावर गेली. त्यानंतर त्यांनी दुसरी पेटी घेतली नाही, आणि गायलेही नाहीत.

म्हणून भाच्याला आम्ही म्हटले, "येतो. पण आधी मला तुझं वाद्य समजावून सांग. माहीत नसलेली वस्तू मी पाहून काय उपयोग?"

ह्या वाद्याची कथा मोठी गमतीची आहे. पाश्चात्य वाद्यवृंदात खर्जाचे काम पूर्वी डबल बेस नावाचे वाद्य करी. व्हायोलिनच्या कुळातले, माणसाहून उंच. गाडीत मावत नसे, गर्दीच्या जलशात ऐकू जात नसे, आणि पडदे नसल्यामुळे बोट केसभर सरकले की सूर ढळे. १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत सिएटलच्या पॉल टटमार्क ह्याने विजेवर चालणारे, पडदे असलेले, गिटारीसारखे आडवे धरावयाचे बेस वाद्य करून पाहिले. पण त्या काळी ते फारसे चालले नाही. त्याचा जम बसविला तो कॅलिफोर्नियातील फुलरटनच्या लिओ फेंडर ह्याने, १९५१ साली. हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. त्याने वाद्याला नाव दिले प्रिसिजन बेस, म्हणजे अचूक बेस. कारण पडद्यांमुळे सूर नेमका पडे. चार तारा, वीस पडदे, आणि तारेची मोकळी लांबी चौतीस इंच. ते माप पुढे जगभर इतके रुळले, की आजही बहुतेक कारखाने तेच धरून चालतात.

फेंडरची खरी हुशारी मात्र आणखी एका गोष्टीत होती. त्याने दांडी धडाला सरसाने चिकटविली नाही. चार स्क्रूंनी आवळली. दांडी वाकली, फाटली, तर सोडवून दुसरी लावा. एखाद्या यंत्राचा भाग बदलावा तसे वाद्याचे भाग बदलण्याची त्याने सोय केली. वाद्याचे कुळ, त्याचे लाकूड, कारागिराचा हात ह्यांचे गोडवे गाण्यात वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे थोडे रुक्ष वाटते. परंतु अण्णांच्या पेटीचा गंधार आठवला, की त्या रुक्षपणाची किंमत कळते.

आपल्या परिभाषेत सांगावयाचे, तर हे वाद्य म्हणजे वाजता खर्ज. काळी एकच्या तंबोऱ्यावर खर्जाची तार सेकंदाला सुमारे ६९ आंदोलने घेते. बेसची सर्वांत जाड तार त्याच्याही खाली, सुमारे ४१ आंदोलनांवर. तंबोऱ्याचा खर्ज स्थिर राहून गवयाला आधार देतो; बेसचा खर्ज तालाबरोबर चालत राहून सगळ्या वाद्यवृंदाला आधार देतो. काम दोघांचे एकच. दोघेही पुढे येत नाहीत.

आता ह्या "मोजक्या नगां"विषयी. गाडीत बसल्यावर भाच्याने त्याचा सगळा इतिहासच सांगितला, आणि त्यात आम्हाला तीन तऱ्हा दिसल्या.

पहिली तऱ्हा, कारखान्याने आधीच आकडा ठरवून काढलेली वाद्ये. रिकनबॅकर कंपनीने ख्रिस स्क्वायर ह्या इंग्रज वादकाच्या नावाचा बेस १९९१ पासून काढला, तो एक हजार नगांपुरता. येथे एका वादकाच्या वर्षानुवर्षांच्या वाद्याचा नमुना समोर होता. लोकांना काय मिळणार हे ठाऊक होते.

दुसरी तऱ्हा, न खपल्यामुळे दुर्मीळ झालेली. फेंडरनेच १९६५ साली पाच तारांचा एक बेस काढला. पाचवी तार खालच्या बाजूला न लावता वरच्या सुरासाठी लावली आणि पडदे ठेवले पंधराच. वादकांना तो रुचला नाही, आणि १९७० साली तो बंद झाला. आज तोच संग्राहकांना हवासा वाटतो. दुर्मीळ आहे हे खरे. पण तो दुर्मीळ का झाला, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

तिसरी तऱ्हा, वाजविणाऱ्या हातांमुळे एकमेव झालेली. बीटल्समधल्या पॉल मॅकार्टनी ह्यांनी १९६१ साली जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी हॉफनर कंपनीचा व्हायोलिनच्या आकाराचा बेस घेतला. वाद्य स्वस्तातले होते. मॅकार्टनी डावखुरे, दोन्ही अंगे सारखी असल्यामुळे ते उलटे धरले तरी विचित्र दिसत नसे, एवढाही एक विचार त्यात होता. १९७२ साली लंडनमध्ये ते चोरीस गेले, आणि ते सापडल्याची वार्ता आली २०२४ साली; बावन्न वर्षांनी! साऱ्या जगाला आनंद झाला. त्या वाद्याचा आकडा कोणी विचारला नव्हता. ते कोणी आणि काय वाजविले, हेच त्याचे मोल.

"म्हणजे मामा, तुमचं म्हणणं घेऊ नये?" भाच्याने विचारले.

"माझं म्हणणं एवढंच, की सदतीस ह्या आकड्यातून सूर निघत नाही. आकडा बाजूला ठेव आणि वाद्य पाहा."

दुकानात पोचल्यावर मात्र भाच्याने आम्हाला चकित केले. आम्हाला वाटले होते, पोरगा वाद्य हातात घेईल, विजेवर जोडील, आणि दुकान हादरवून टाकील. त्याने अ‍ॅम्प्लिफायरला हातही लावला नाही. स्टुलावर बसून, कान वाद्याच्या धडाला टेकवून, तो एकेक तार नुसती छेडीत राहिला. म्हणाला, "विजेनं सगळी वाद्यं मोठी वाटतात. आधी लाकूड काय बोलतं ते ऐकतो." मिरजेला तंबोरा घेताना अण्णाही अगदी असेच करीत. भोपळ्याला कान लावून बसत, आणि दुकानदाराने चहा मागविला तरी मान वर करीत नसत. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन मिळालेल्या गावातही कान लावूनच तंबोरा घ्यावा लागतो.

मग त्याने दांडी पाहिली. पहिल्या पडद्यावर आणि शेवटच्या पडद्यावर तार दाबून धरली आणि मध्ये, सातव्या-आठव्या पडद्याशी, तार व पडदा ह्यांत किती फट राहते ते पाहिले. भेटीला नेतो त्या कार्डाच्या जाडीइतकी फट असावी. अजिबात नसेल तर तारा खरखरतात. फार असेल तर दांडी वाकलेली. त्या चार तारांचा ताण मिळून सत्तर-ऐंशी किलोंच्या घरात असतो. एक मोठा माणूस रात्रंदिवस दांडीला लोंबकळत आहे, असे समजावे. त्याला तोंड देण्यासाठी दांडीच्या पोटात पोलादी सळई असते आणि ती किल्लीने कमीजास्त आवळता येते. भाच्याने दुकानदाराला ती त्याच्यासमोर थोडी फिरवून दाखवावयास सांगितले. सळई आधीच शेवटपर्यंत आवळलेली असेल, तर दांडी आज सरळ दिसते, पण उद्या वाकली तर उपाय उरत नाही. ही सहज फिरली.

त्यानंतर पडदे. प्रत्येक तारेवर प्रत्येक पडदा; वीस चोक ऐंशी सूर त्याने एकेक करून वाजविले. दुकानदाराने दोनदा घड्याळ पाहिले. पुष्कळशा बेस वाद्यांत सर्वांत बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एखादा सूर लवकर विझतो. दांडीचा स्वतःचा कंप त्याला गिळून टाकतो. ह्यातही सहाव्या पडद्यावर तो मिळाला. भाच्याने वहीत टिपून ठेवला. बाराव्या पडद्यावर नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच येतो ना, तेही पाहिले. एका तारेचा जरा चढा होता. घोडी थोडी मागे सरकविल्यावर जुळला.

दांडीवरची पट्टी शिसवीची होती. दुकानदार अभिमानाने म्हणाला, "इंडियन रोजवुड आहे!" आम्हाला हसू आले. आमच्या घरचे कपाट शिसवीचे, झोपाळ्याची फळी शिसवीची. गिटारी करणारे अमेरिकन कारखाने पूर्वी ब्राझिलची शिसव वापरीत. तिचा तुटवडा पडू लागला तसे १९६० नंतरच्या दशकात ते हिंदुस्थानच्या शिसवीकडे वळले. ब्राझिलच्या त्या जातीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे कडक निर्बंध आहेत. म्हणून खास नमुन्याच्या वाद्यात "दुर्मीळ लाकूड" असे लिहिलेले दिसले, की ते कोणते आणि त्याचे कागद कोठे, हे विचारून घ्यावे. येथे आपलीच शिसव परक्या देशाची वारी करून परत आली होती. तिच्या काठावरून भाच्याने अंगठा फिरविला. कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि पडद्यांची टोके बाहेर येऊन बोटांना लागतात. श्रावणातल्या दमट हवेत गुळगुळीत लागणारी कड माघात तशीच राहील असे नाही. त्याने तेही वहीत लिहिले.

शेवटी त्याने पट्टा गळ्यात घालून वाद्य सोडून दिले. आम्ही दचकलो. पण त्याला तोल पाहावयाचा होता. काही वाद्यांची दांडी धडापेक्षा जड असते. हात सोडताच ती खाली झुकते, आणि मग डावा हात सूर दाबण्याऐवजी ओझे पेलण्यात गुंततो. ही किंचित झुकली आणि थांबली. वजन भरले चार किलो तीनशे ग्रॅम. त्याचे जुने वाद्य तीन किलो नऊशे. चारशे ग्रॅम म्हणजे काय, असे आपल्याला वाटते. नऊ रात्री, रोज चार तास, खांद्यावर चारशे ग्रॅम जास्त म्हणजे काय, हे त्या खांद्यालाच ठाऊक. तो उभ्यानेच वाजवीत राहिला, तास उलटून गेला तरी. आम्ही बाहेर जाऊन दोनदा चहा पिऊन आलो.

मग आमची पाळी आली. आम्ही दुकानदाराला विचारले, "ह्यातली कोणती वस्तू फक्त ह्या शंभर नगांतच आहे?"

त्याला प्रश्न समजला नाही. आम्ही फोड करून सांगितली. खुंट्या मोडल्या, तर दुसऱ्या बसतील का? घोडी? आतली बटणे? तारांखालचे लोहचुंबकाचे पिकप जळले, तर त्याच मापाचे दुसरे मिळतील का? दांडी गेली, तर?

दुकानदार भला माणूस होता. त्याने पेचकस आणून मागचे झाकण उघडले. एकेक भाग पाहिला. खुंट्या नेहमीच्या मापाच्या. घोडीची छिद्रे नेहमीच्या अंतराची. पिकप दोन तुकड्यांत विभागलेले, फेंडरने १९५७ साली रूढ केले त्याच आकाराचे. दोन्ही तुकडे एकमेकांची गुणगुण मारतात, म्हणून विजेच्या दिव्यांच्या गर्दीत, म्हणजे गरब्याच्या मैदानात, ते उपयोगी. दांडी चार स्क्रूंची. नऊ व्होल्टची बॅटरी लागणारे जास्तीचे यंत्र आत नव्हते. मग शंभर नगांत खास ते काय? रंग, शिसवीची निवडक पट्टी, दांडीवरची शिंपल्याची खूण, आणि सहीचा कागद.

तेव्हा आमच्या मनातली गाठ सुटली. अण्णांच्या पेटीचे नवल तिच्या हाडांत होते. एक हाड मोडले आणि सगळे शरीर निकामी झाले. ह्या वाद्याचे नवल कपड्यांत होते, हाडे चारचौघांसारखी. कपड्यासाठी चाळीस हजार जास्त द्यावेत की नाही, हा ज्याच्या त्याच्या खिशाचा प्रश्न. पण ते वाद्य उद्या मुके होऊन माळ्यावर जाईल, ही भीती राहिली नाही.

आम्ही भाच्याला तसे सांगितले आणि विचारले, "मग आता सांग, चाळीस हजारांचा रंग हवा आहे का?"

तो थोडा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "मामा, नेहमीचा नमुनाही इथं आहे. तो वाजवून पाहतो."

त्याने तो वाजविला, तितकाच वेळ. त्यात सहाव्या पडद्यावरचा विझणारा सूर नव्हता. वजन तीन किलो आठशे. पण जाड तारेचा आवाज, तो म्हणाला, "पोकळ" येत होता. आम्ही डोळे मिटून बसलो आणि कोणते वाद्य कोणते हे न सांगता आळीपाळीने वाजवावयास सांगितले. सहा वेळा वाजविले, सहाही वेळा आम्हाला फरक कळला. सदतिसाव्याचा खालचा सूर पायापर्यंत येत होता. ही शंभर नगांची करामत नव्हे. एकाच झाडाच्या दोन फळ्या सारख्या बोलत नाहीत, एवढेच. उद्या अठ्ठावीसावा नग कदाचित पोकळ निघेल. म्हणून कोणी ही हकिकत वाचून खास नमुना न पाहता मागवू नये.

त्याने ते घेतले. घासाघीस करून बारा हजार कमी करविले. त्यात रुंद, मऊ अस्तराचा पट्टा मागून घेतला, आणि माघ महिन्यात पडद्यांची टोके घासून देण्याचे दुकानदाराकडून लिहून घेतले. घरी आल्यावर बहिणीने विचारले, "दादा, महाग नाही ना पडलं?" आम्ही म्हटले, "महाग पडलं. पण फसला नाही." तिला ते पुरले असावे, तिने वाद्यावर हळदकुंकू वाहिले.

सहीचा कागद भाच्याने कपाटात टाकला. वाद्याच्या पेटाऱ्यात, झाकणाच्या आतल्या बाजूला, त्याने वहीतले पान चिकटविले आहे. खुंट्यांचे माप, पिकपचे माप, तारांची जाडी, आणि शेवटची ओळ, "सहावा पडदा, बारीक तार: लवकर विझते. सांभाळून."

ते पान पाहिल्यावर आम्ही माळ्यावर चढलो. पेटीवर धूळ होती. भात्याला उंदरांनी एका कोपऱ्यात हात लावला होता. आत गंधाराची जागा तशीच रिकामी. अण्णांनी आयुष्यात कधी त्या सुराचे माप कागदावर घेतले नव्हते. तयार सूर मिळतो का, एवढेच ते विचारीत राहिले. पेटीचे सूर करणारे कारागीर आपल्याच गुजरातेत, पालिताण्यात आहेत. माप दिले तर एक सूर घडवून मिळणे अशक्य नसावे. साठ वर्षांत ही गोष्ट आमच्याही ध्यानात आली नाही, ह्याची लाज वाटली.

भाच्याने शेजारचा सूर काढून त्याची लांबी, रुंदी, जाडी मोजून दिली. कागद पालिताण्याला गेला आहे. उत्तर अजून आलेले नाही. गुरुवारी संध्याकाळी तो मुलगा आपले नवे वाद्य घेऊन आला, जाड तार काळी एकच्या षड्जावर उतरवून घेतली, आणि आम्ही त्याच्या खर्जावर दुर्गा गायलो. गंधाराची जागा मोकळी ठेवली आहे.